पाटीवरचे क्रियापद

आमच्या सीमाभागात 'पाटी' हा शब्द साधा राहिलेला नाही. दुकानावरची पाटी, बसवरची पाटी, गावाच्या वेशीवरची पाटी, शाळेच्या कमानीवरची पाटी. ती कोणत्या लिपीत असावी, कोणती लिपी वर आणि कोणती खाली, अक्षरे केवढी, यावर आमच्याकडच्या दोन-तीन पिढ्यांची उमेदीची वर्षे गेली. मीही त्यांतलाच एक. त्या भांडणात जे खरे होते ते मी आजही नाकारीत नाही. पण आयुष्यभर पुस्तकांची परीक्षणे लिहून झाल्यावर एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली आणि ती कबूल करावी म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे. पाटीच्या लिपीसाठी आपण पुष्कळ भांडलो. पाटीवरच्या वाक्यासाठी मात्र कधी भांडलो नाही.

खरे म्हणजे पाटी हे सर्वाधिक वाचले जाणारे लेखन. एखाद्या कवितासंग्रहाच्या चार-पाचशे प्रती निघतात, त्यांतल्या निम्म्या कवीच्या घरीच राहतात, तरी आम्ही टीकाकार त्यावर चार रकाने लिहितो. आडरानातल्या एखाद्या जुन्या देवळापाशी लावलेली पाटी मात्र येणारा प्रत्येक जण वाचतो. शाळेची सहल वाचते, देवदर्शनाला आलेली म्हातारी नातवाकडून वाचून घेते. तिच्यावर लेखकाचे नाव नसते, संपादकाचे नसते आणि तिचे परीक्षण कोणी करीत नाही. या लेखात मी ते करणार आहे.

आडरानातल्या पाट्या म्हणतो आहे, हे मुद्दाम. हंपीला किंवा बदामीला पाटी वाईट असली तरी फारसे बिघडत नाही. तिथे वाटाडे आहेत, पुस्तके आहेत, शेजारी उभा असलेला कोणी जाणकार आहे. पण डांबरी रस्ता सोडून दोन-तीन मैल आत गेल्यावर वडाखाली ओळीने उभे केलेले पाच-सहा कोरीव दगड, किंवा ओढ्याकाठी शेवाळलेले एक देऊळ, असे जे असते तिथे बोलणारे दुसरे कोणी नसते. पाटी एकटी बोलते, आणि ती जे बोलते ते खरे धरले जाते.

अशा पाट्या मी गेली काही वर्षे उतरवून घेतो आहे. त्यांत मला तीन घराणी दिसली.

पहिले घराणे कायद्याचे. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यान्वये हे स्थळ संरक्षित असून त्याची नासधूस करणाऱ्यास अमुक शिक्षा होईल. जुन्या पाट्यांवर तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड असे, २०१० च्या दुरुस्तीनंतर तो आकडा दोन वर्षे आणि एक लाखापर्यंत गेला. कायदा हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मैलभर चढण चढून आलेल्या माणसाशी त्या जागेचे पहिले वाक्य धमकीचे असावे, आणि पुष्कळदा तेच शेवटचेही असावे, हे चमत्कारिक आहे. घरी आलेल्या पाहुण्याला दारातच 'चोरी केलीत तर पोलिसांत देईन' असे सांगून आत निघून जाण्यासारखे ते आहे.

दुसरे घराणे पंडिती. अधिष्ठान, वेदिबंध, जंघा, शुकनास, अंतराळ. हे शब्द बरोबर आहेत आणि अभ्यासकाला हवेही आहेत. पण त्या शब्दाने नक्की कुठे पाहायचे हे पाटी सांगत नाही. वाचणारा खाली मान घालून पाटी वाचतो, वर मान करून देऊळ पाहतो, आणि दोहोंचा एकमेकांशी संबंध न लागता परत फिरतो.

तिसरे घराणे गौरवाचे. हे सर्वांत लोकप्रिय. पावन भूमी, तेजस्वी परंपरा, अजोड पराक्रम, अमर बलिदान. या पाटीत एकही चूक काढता येत नाही, कारण तिच्यात एकही विधान नसते. तीच पाटी उचलून पंचवीस कोसांवरच्या दुसऱ्या गावात लावली तरी चालते. समीक्षेत आपण ज्याला बेतीव लेखन म्हणतो त्याचा इतका शुद्ध नमुना पुस्तकांतही सापडत नाही.

हे सांगताना मी उंचावर उभा राहून बोलतो आहे असे वाटू नये, म्हणून या तिसऱ्या घराण्यातली जी पाटी मी स्वतः लिहिली तिची हकीकत सांगतो.

घाटमाथ्यावरच्या एका गावी, नाव सांगत नाही, गावाबाहेर पाच दगड आहेत. चार वीरगळ आणि एक सतीशिळा. गावातल्या मुलांनी झुडपे तोडून जागा साफ केली, वर्गणी काढली आणि मराठी मजकूर माझ्याकडे मागितला. कन्नड मजकूर माझ्या एका शिक्षकमित्राने लिहायचा होता. मी एका बैठकीत मजकूर लिहून काढला. सतीशिळेसाठी वाक्य असे होते : 'आपल्या वीर पतीसह सहगमन करून अमर झालेल्या पतिव्रतेचे हे स्मारक.' लिहून झाल्यावर मला बरे वाटले होते, हे लपवत नाही. 'सहगमन' हा शब्द तर फारच शोभून दिसत होता.

मजकूर रंगवायला देण्याआधी गावाला वाचून दाखवावा असे ठरले. देवळाच्या कट्ट्यावर पंधरावीस माणसे जमली. मागे बायका होत्या. वाचून झाल्यावर पुरुषांनी माना डोलावल्या. मागून एक आज्जी म्हणाल्या, "ते सहगमन म्हंजे काय ओ गुरुजी?"

मी म्हणालो, "नवऱ्याबरोबर सती गेली, आज्जी."

"गेली म्हणून लिवल्यासा. तुमी बघिटल्यासा काय? न्हेली असंल की."

कोणी तरी हसले. आज्जी हसल्या नाहीत. मी काही तरी उत्तर दिले, ते आता आठवत नाही. आठवण्यासारखे ते नसणार. त्या रात्री घरी येऊन मी कागद पुन्हा काढला आणि पहिल्यांदा माझ्या वाक्यातले क्रियापद पाहिले.

मराठीत बाई सती 'जाते'. जाणे हे क्रियापद कर्त्याच्या पायांचे आहे. बाजारात जाते, माहेरी जाते, तशी सती जाते. ज्यांनी चिता रचली, ज्यांनी वाद्ये वाजवली, ज्यांना मागे राहिलेले वतन आणि शेत वाटून घ्यायचे होते, त्यांतल्या कोणालाही या वाक्यात जागा नाही. वाक्यात ती एकटी चालते आहे. आपण 'सतीचे वाण' म्हणतो तेव्हाही ती ते हौसेने हाती घेते. 'सहगमन' शब्दात तर मी हे सगळे संस्कृताच्या शालीखाली आणखी झाकून टाकले होते. मित्राला दूरध्वनी केला आणि कन्नडमध्ये काय लिहिलेस म्हणून विचारले. तो थोडा थांबून म्हणाला, 'सति होदळु.' म्हणजे सती गेली. ज्या दोन भाषांचे गेली साठसत्तर वर्षे पाटीवर कोणी वर बसायचे यावरून भांडण चालू आहे, त्या दोन्ही भाषांचे या एका क्रियापदावर मात्र पूर्ण एकमत होते.

आता वाचक म्हणतील, मग 'जाळली' लिहा आणि मोकळे व्हा. पहिल्या रागात मीही तेच लिहिले होते. पण दोन दिवसांनी तेही खोडले. कारण दगड तेही सांगत नाही. सतीशिळेवर काय असते ते आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. एक खांब, त्यातून बाहेर आलेला कोपरात वाकलेला हात, मनगटावर बांगड्या, वर चंद्र आणि सूर्य. बांगड्या न फुटलेल्या, म्हणजे ती विधवा झालीच नाही, असे सांगणारा तो हात आहे. बस, इतकेच. तिचे वय नाही, नाव नाही, तिच्या मनात काय होते ते नाही. माझ्या पहिल्या वाक्याचा दोष असा की, दगडाला जे माहीत नव्हते ते मला माहीत असल्याचा मी आव आणला. 'जाळली' लिहिले असते तर दोष तोच राहिला असता, फक्त बाजू बदलली असती.

दगड कधीच सांगत नाही असे मात्र नाही. म्हैसूर भागातल्या बेळतूर येथला १०५७ सालचा कन्नड शिलालेख प्रसिद्ध आहे. देकब्बे नावाच्या स्त्रीचा तो लेख. तिचा नवरा एच याच्या हातून कुस्तीत एक नातलग मेला आणि राजाने त्याला देहदंड दिला. देकब्बे अग्नीत जायला निघाली तेव्हा आईबापांनी तिला विनवून थांबवू पाहिले, ती थांबली नाही, आणि बापानेच नंतर हा दगड उभा केला. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या त्या मजकुरात तिचे नाव आहे, नवऱ्याचा गुन्हा आहे, आणि आईबापांची विनवणीही आहे. तिथे 'गेली' म्हणायला निदान लेखाचा आधार आहे. अर्थात तो लेखही मागे राहिलेल्यांनीच लिहविला, तिने नव्हे, हे टीकाकाराने विसरू नये. तरीसुद्धा आईबाप नको म्हणत होते हे दगडावर कोरून ठेवण्याइतका प्रामाणिकपणा त्या बापाच्या अंगी होता. आमच्या आजच्या गौरवाच्या पाट्यांना तो झेपत नाही.

नावाचा विषय निघाला म्हणून आणखी एक दगड आठवतो. मंड्याजवळच्या आतकूर येथला, ९४९-५० सालचा, आता बेंगळूरच्या संग्रहालयात असलेला. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळचा हा वीरगळ एका शिकारी कुत्र्याचा आहे. रानडुकराशी झुंजताना तो कुत्रा मेला, त्याच्या धन्याने त्याचे स्मारक केले, आणि त्या कुत्र्याचे नाव दगडावर आहे : काळी. धन्याच्या त्या मायेबद्दल मला आदरच वाटतो. पण आमच्या घाटमाथ्यावरच्या त्या हाताशी उभे राहिले की काळीची आठवण होते आणि घशात काही तरी अडकते.

मराठी वाचकाच्या मनात हे क्रियापद इतके घट्ट बसले त्याला आमचे वाङ्मयही कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय ही समीक्षा पुरी व्हायची नाही. थेऊरला १७७२ साली थोरले माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली आली आणि तिच्या शेवटी आपण सगळे रडलो. देसाई आमच्या शेजारचे, चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. त्यांच्या कादंबरीवर माझे प्रेम आहे. पण प्रेम असलेल्या पुस्तकालाही एक प्रश्न विचारता आला पाहिजे. रमाबाई कोण होत्या, काय म्हणाल्या हे सांगायला तिथे इतिहास आहे, बखरी आहेत, कादंबरीकाराची कल्पना आहे. आपण मात्र तो डोळ्यांतला ओलावा घेऊन माळावरच्या प्रत्येक निनावी हातापुढे उभे राहतो आणि त्या प्रत्येकीला रमाबाई करून टाकतो. माझे 'सहगमन' तिथूनच आले होते.

हे शब्दांचे लाड नव्हेत. गोव्यात आल्बुकर्कने १५१० साली राज्य घेतल्यावर ही चाल बंद केली, बंगालमध्ये बेंटिंकचा कायदा १८२९ साली झाला, आणि तरीही १९८७ साली राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची रूपकुंवर चितेवर जळाली. त्याच वर्षी जो नवा कायदा करावा लागला त्याने सतीचे उदात्तीकरण करणे हाही गुन्हा ठरविला. ती हकीकत वर्तमानपत्रांत छापतानाही प्रश्न हाच होता, की ती गेली म्हणायचे की नेली. माझे सुंदर वाक्य त्या कायद्यापुढे ठेवले असते तर मला मान खाली घालावी लागली असती.

वीरगळांच्या बाबतीतही मी असेच केले होते, ते थोडक्यात सांगतो. तळाच्या चौकटीत लढाई आहे आणि गाई आहेत. मी बिनदिक्कत लिहिले होते : 'परकीय आक्रमकांपासून गोधनाचे रक्षण करताना.' आता, गाईंवरून होणाऱ्या लढाया या पुष्कळदा शेजारच्या गावाशीच होत. कन्नड शिलालेखांत त्याला 'तुरुगोळ' हा शब्दच आहे, गाई पळवून नेणे. हा वीर गाई सोडवायला गेला होता असे मानण्याची रीत आहे आणि ज्या दगडांवर लेख आहे तिथे ते वाचताही येते. आमच्या दगडांवर लेख नाही. मग 'परकीय' कुठून आला? तो माझ्या मनातून आला. त्यात भर म्हणजे सभेत एकाने सुचविले की 'मराठी वीर' असे स्पष्ट लिहा, आणि लगेच दुसऱ्याने 'कन्नड वीर' असे सुचविले. दोघेही चांगले, दोघेही माझे विद्यार्थी. मी म्हटले, बाबांनो, 'वीरगळ' हा आपला मराठी शब्दच मुळी कन्नड 'वीरगल्लु'वरून आला आहे. कल्लु म्हणजे दगड. तो मेला तेव्हा आपले भांडण जन्माला यायचे होते.

मग पाटी लिहावी तरी कशी? याचा सर्वांत चांगला धडा आपल्या भाषेने अगदी सुरुवातीलाच घालून दिला आहे, आणि तोही कर्नाटकात. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेली ओळ शाळेत सर्वांनी पाठ केलेली असते : 'श्रीचावुण्डराजें करवियलें.' ती ९८३ ची की तिच्या जोडीच्या गंगराजाच्या ओळीबरोबरच, १११७ च्या सुमारास, कोरलेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. मराठीतला आद्य लेख कोणता या वादात ती ओळ आपण इतकी वापरली, की ती मुळात एक पाटी आहे हे विसरून गेलो. हे कोणी केले एवढेच सांगणारी पाटी. तीच गोष्ट तिथे कन्नडमध्ये आहे, 'माडिसिदं', आणि तमिळमध्येही आहे. तिन्ही भाषांचे यात्रेकरू येणार, म्हणून तिन्ही भाषांत. आणि क्रियापद पाहा. 'केले' नव्हे, 'करवियले'. छिन्नी चावुंडरायाच्या हातात नव्हती, त्याने करविले, आणि सत्ता हातात असलेल्या त्या माणसाच्या पाटीने ते प्रयोजक क्रियापदाने स्वच्छ सांगितले. कन्नड आणि तमिळ ओळींतही क्रियापद प्रयोजकच आहे. गंगराजाच्या ओळीत तर 'सुत्ताले' हा आवाराला कन्नड वळणाचा शब्द मराठी वाक्यात सुखाने नांदतो आहे. विशेषण जवळजवळ नाही. हजार वर्षांच्या आसपास ती टिकली.

अलीकडे या विषयाचे शास्त्रही झाले आहे. फ्रीमन टिल्डन या अमेरिकन लेखकाने १९५७ साली 'इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज' हे पुस्तक लिहिले. गृहस्थ मूळचा वर्तमानपत्रातला, नाटके-कादंबऱ्या लिहिणारा. पाटीने माहितीचा ढीग न ओतता पाहणाऱ्याला विचार करायला भाग पाडावे, असे त्याचे म्हणणे. पुढे २००८ साली क्वेबेक येथे स्मारकांविषयीच्या जागतिक परिषदेने, म्हणजे इकोमॉसने, एक सनद मान्य केली. पुरावा कोणता आणि ऐकीव कोणते हे वेगळे ठेवावे, त्या जागेशी नाते असलेल्या लोकांना विचारावे, पाटी लावण्याने जागेचीच हानी होऊ देऊ नये, असे तिचे सार. वाचताना वाटले, यांतले दुसरे कलम आमच्या आज्जींनी मला कट्ट्यावर फुकट शिकविले होते.

तिसरे कलमही त्यांनीच शिकविले. पाटी कुठे लावायची याचा विचार आम्ही केलाच नव्हता. मुलांना ती सतीशिळेच्या शेजारी, चौथऱ्यातच खांब रोवून हवी होती. आज्जी म्हणाल्या, "तिच्या म्होरं खांब नको. ओटी भरायला वाकायचं कसं?" ज्या बाईने 'न्हेली असंल की' म्हटले तीच बाई दर वर्षी तिची ओटी भरते, यात मला आधी विसंगती वाटली होती. आता वाटत नाही. नेलेल्या लेकीचीसुद्धा ओटी भरावीशी वाटणारच. किंबहुना तिचीच जास्त.

तर पाटी वाटेच्या कडेला, दगडांपासून दहा पावलांवर गेली. खोल खणायचे नाही असे ठरले. जमिनीखाली काय आहे ते कोणाला ठाऊक नाही, आणि जुन्या दगडाखाली गुप्तधन असते असा समज आमच्याकडे आहे, तेव्हा खड्डा पाहून कोणाला भलतीच बुद्धी व्हायला नको. कमरेएवढ्या उंचीवर, मेजासारखी तिरपी, म्हणजे उभ्याने वाचता वाचता पलीकडचे दगडही दिसतात आणि शाळेच्या पोरालाही वाचता येते. कन्नड आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी, सारख्या अक्षरांत. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. एकाने दुसऱ्याचे भाषांतर करायचे नाही, दोघांनी दगडासमोर उभे राहून आपापले लिहायचे, असे मी आणि मित्राने ठरविले. आमच्या भागातला पाऊस लोखंड चार वर्षांत खातो, म्हणून पत्र्याऐवजी काळ्या दगडाची फरशी घेतली आणि अक्षरे खोदून घेतली. खोदणाऱ्याला अक्षरामागे पैसे द्यायचे होते. त्यामुळे माझी उरलीसुरली विशेषणेही गळाली. हा उपाय मी सर्व लेखकांना सुचवीन.

अखेरचा मराठी मजकूर असा झाला :

'इथे चार वीरगळ आणि एक सतीशिळा आहे. लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी वीरगळ उभा करीत. तळाच्या चौकटीत लढाई आणि गाई आहेत. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसला आहे. चंद्रसूर्य आहेत तोवर आठवण राहावी म्हणून तेही कोरले आहेत. लढाई कोणाशी झाली ते दगडावर नाही. शेवटच्या दगडावर बांगड्या भरलेला हात आहे. नवऱ्याच्या चितेवर जिचा अंत झाला अशा बाईची ही आठवण. तिचे नाव दगडावर नाही. ती गेली की तिला नेली, ते दगड सांगत नाही. गावातल्या बायका इथे ओटी भरतात. दगडांवर बसू नका.'

यावर दोन आक्षेप आले. एक असा, की इतके 'नाही, नाही' लिहिले तर लोक म्हणतील यांना काहीच ठाऊक नाही. त्यावर माझे उत्तर, की ठाऊक आहे तेवढे सांगितले आहे. अप्सरा कुठे पाहाव्या, गाई कुठे, हात कोणाचा, हे सगळे पाटीवर आहे आणि मान वर केली की समोर दिसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, गावाच्या श्रद्धेला यामुळे धक्का लागतो. इतकी वर्षे आपण तिला देवी मानत आलो. मी त्यांना उत्तर दिले नाही. सभेत मजकूर पुन्हा वाचला आणि मागे बसलेल्या बायकांकडे पाहिले. 'गावातल्या बायका इथे ओटी भरतात' हे वाक्य आले तेव्हा दोघीचौघींनी एकमेकींकडे पाहिले. आज्जी म्हणाल्या, "आता बरोबर हाय. ऱ्हाऊ दे." तो आक्षेप तिथे मिटला असे मी म्हणणार नाही. ते गृहस्थ अजूनही माझ्याशी बेतानेच बोलतात.

माझ्या मजकुरातही उणे आहे. 'अंत झाला' हे क्रियापद भित्रे आहे, त्यात करणारा कोणीच नाही, हे मला कळते. मित्राच्या कन्नड मजकुरातही नेमके तेच घडले आहे. याहून चांगले क्रियापद आम्हा दोघांना सापडले नाही. कोणा वाचकाला सापडले तर जरूर कळवावे. फरशीच्या खाली चार बोटे जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आपण गावाकडे जाल. वेशीबाहेर, तळ्याच्या बांधावर, पडक्या देवळामागे असा एखादा हात उभा असेल. पाटी असेल तर ती एकदा मोठ्याने वाचा, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवा. पाटी नसेल आणि लिहायची वेळ तुमच्यावर आलीच, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी तिला बोलवा. भाषा कुठली वर आणि कुठली खाली, ते भांडण आपल्याला नेहमीचेच आहे. ते नंतरही करता येईल.